बग 'टाकायचा', 'नोंदवायचा' की त्याची 'तक्रार' करायची?

दर शनिवारी परळला आम्ही चौघं मिळून मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना क्लाउडची कामं, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचे सर्व्हर सांभाळणं, शिकवतो. कुबरनेटिस, ओपनस्टॅक, टेराफॉर्मपासून फुटून निघालेलं ओपनटोफू, अशी सगळी मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेली साधनं. आता त्यांना बग रिपोर्ट, म्हणजे साधनात सापडलेली चूक कळवणं, आणि फीचर रिक्वेस्ट, म्हणजे नवं काही वाढवायला सांगणं, लिहायला शिकवायचं आहे. त्याची टिपणं मराठीत काढताना मी शब्दांपाशी अडले आहे.

ऑफिसात आपण 'बग टाकला', 'इश्यू रेज केला' म्हणतो. 'बग टाकला' ऐकून एका मुलीने विचारलं, "ताई, म्हणजे तो आपणच घातला का?" प्रश्न रास्त आहे. टाकणं म्हणजे आत घालणं किंवा फेकून देणं. सापडलेली चूक दाखवून देणं हा अर्थ त्यात येत नाही.

मग 'तक्रार' लिहिलं आणि खोडलं. नळाला पाणी नाही म्हणून आपण महापालिकेला १९१६ वर फोन लावतो, तेव्हा आपण कर भरलेला असतो. इथे तसं नातं नाही. कुबरनेटिसचा अपाची २.० परवाना स्पष्टच सांगतो की हे आहे तसं देत आहोत, हमी काही नाही. दुरुस्ती करणारा माणूस कदाचित घरचं सगळं आवरून रात्री बसलेला असतो. त्याला आमच्या मुलांनी तक्रारीच्या सुरात लिहू नये, असं मला मनापासून वाटतं.

त्रुटी अहवाल, दोषनोंद, खोट कळवणे. आणि दुसरीकडे मागणी, विनंती, सूचना. आपण काय सुचवाल?

प्रतिसाद: 'त्रुटी' नको

त्रुटी म्हणजे काहीतरी कमी असणं. अर्जात त्रुटी निघते, कारण सही राहिलेली असते किंवा दाखला जोडलेला नसतो. बगमध्ये काही कमी नसतं, जे आहे तेच चुकीचं चालतं. उलट साधनात एखादी सोयच नसेल तर ती त्रुटी, आणि ती फीचर रिक्वेस्टच्या खात्यात जाईल. बगला 'खोट' बरा. खोट वरून दिसत नाही, वापरात आल्यावर कळते.

प्रतिसाद: मागणी आणि मागणं

माझं बालपण लालबागला गेलं. आमच्याकडे मागणी या शब्दामागे हक्क उभा असतो. १९८२च्या संपात गिरणी कामगारांनी मागण्या केल्या होत्या, विनंत्या नव्हे. ज्याच्याकडून आपल्याला काही येणं नाही, त्याच्याकडे मागणी कशी करणार? देवापुढे आपण मागणी करत नाही, मागणं मागतो. फीचर रिक्वेस्टला मी 'मागणं' म्हणेन. ओपनस्टॅकमधल्या नोव्हासारख्या प्रकल्पांचे बग लाँचपॅड या संकेतस्थळावर नोंदवतात, तिथे नव्या सोयीची गोष्ट आली की महत्त्वाच्या रकान्यात 'विशलिस्ट', म्हणजे इच्छांची यादी, असं लिहितात. भाव तोच आहे.

प्रतिसाद: काका, पण 'का' कुठे गेलं?

मागणं शब्द गोड आहे. पण कुबरनेटिसचा फीचरसाठीचा कोरा नमुना दोन गोष्टी विचारतो: काय वाढवून हवं, आणि ते का लागतं? देवाला 'का' सांगावं लागत नाही, इथे सगळं त्या 'का'वर ठरतं. 'सूचना' म्हटलं तर फलकावरची सूचना डोळ्यांपुढे येते. मी क्रियापदाकडे झुकते आहे: 'सोय सुचवणे'. फीचरला सोय म्हणता येतं हे मला आत्ता वरच्या प्रतिसादांमुळे सुचलं.

प्रतिसाद: तक्रार इतक्यात खोडू नका, ताई

अरबीत तकरार म्हणजे पुनरावृत्ती, तेच ते पुन्हा करणं. पुढे त्याला वादाचा अर्थ चिकटला, उर्दूत तो अजून आहे. मराठीत त्याची कुरकुर झाली. पण मूळ अर्थ बग रिपोर्टला किती लागू आहे बघा. कुबरनेटिसचा बगचा नमुना विचारतो: काय घडलं, काय घडायला हवं होतं, आणि कमीत कमी, नेमक्या पायऱ्यांत ते पुन्हा कसं घडवता येईल? ओपनटोफूमध्ये बदल लागू करायची आज्ञा म्हणजे अप्लाय. 'अप्लाय मध्येच अडकतो' एवढ्याने समोरच्याच्या हाती काही लागत नाही. आवृत्ती कोणती, प्रोव्हायडर (क्लाउडशी जोडून देणारा भाग) कोणता हे सांगून दहा ओळींची फाइल जोडली, की तो आपल्या मशिनवर तेच घडवून बघतो. ही खरी तकरार.

किती छान!

हे मी पहिल्याच तासाला सांगणार. मथळ्यात मात्र तक्रार ठेवणार नाही, कारण मुलांच्या कानाला आजचाच अर्थ ऐकू येणार. तर 'खोट नोंदवणे', 'सोय सुचवणे' आणि रिप्रोड्यूसला 'पुन्हा घडवणे'.

एक राहिलं. कुबरनेटिसमध्ये एखाद्या नोंदीवर ९० दिवस काही हालचाल झाली नाही तर बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, तिला 'स्टेल' ठरवतो, आणखी ३० दिवसांनी 'रॉटन', त्यानंतर ३० दिवसांनी बंद. शिळी आणि नासकी म्हणू का?

प्रतिसाद: शिळी चालेल, नासकी नाही

नासलेलं परत येत नाही. रॉटनचा शिक्का तर एका ओळीची आज्ञा लिहून काढता येतो. आम्ही वरळी कोळीवाड्यातले. सुके बोंबील पाण्यात घातले की पुन्हा मऊ होतात, कालवणाला येतात. रॉटनला 'सुकलेली' म्हणा.