मदत हवी आहे : पुरात भिजलेली एलपी रेकॉर्ड. कुठली खरखर मूळची, कुठली विश्वामित्री नदीची?

नमस्कार मंडळी. बडोद्याहून लिहितेय. प्रश्न जरा विचित्र आहे, हसलात तरी चालेल.

माझ्या मामांकडे 'लाइव्ह ॲट लीड्स' ही द हू या इंग्लिश रॉक बँडची, लीड्सच्या मैफलीत रेकॉर्ड केलेली एलपी आहे. तिच्या लेबलवरच हाताने लिहिल्यासारख्या अक्षरात इंग्रजीत सूचना आहे की खरखर ठीक आहे, दुरुस्त करू नका. ही तबकडी दोन दिवस पुराच्या गाळात होती. आता ती खरखरते. मग मी नेमकं काय दुरुस्त करायचं?

थोडी पार्श्वभूमी. मामा इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून टेक्स्टाइल करून 1973 साली पुढे शिकायला इंग्लंडमध्ये लीड्सला गेले. ही मैफल त्याआधीच, 14 फेब्रुवारी 1970 ला, त्याच विद्यापीठाच्या रिफेक्टरीत, म्हणजे मुलांच्या जेवणाच्या हॉलमध्ये झाली होती. मामांनी ती ऐकली नाही. पण त्या हॉलमध्ये दोन वर्षं उकडलेले बटाटे खाल्ले आणि परत येताना ही रेकॉर्ड घेऊन आले. 2006 मध्ये बँड पुन्हा तिथे वाजवायला आला आणि भिंतीवर निळी पाटी लागली, तेव्हा आम्हा सगळ्या भाचरांना तो फोटो दाखवून झाला होता. "इथे डावीकडे मी बसायचो." फोटोत डावी बाजू नव्हतीच.

खरखरीचं कारण मामा असं सांगतात : त्या रात्री रेकॉर्डिंगच्या केबलमध्ये काहीतरी घोळ होता, टेपवर टिकटिक उतरली. बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याने ती काढत बसण्यापेक्षा लेबलवर सूचनाच टाकली, म्हणजे कारखान्यातला माणूस दोष समजून तबकडी परत पाठवणार नाही. कव्हरही मुद्दाम साधं, चोरून छापलेल्या रेकॉर्डसारखं, वर नुसता शिक्का मारलेला.

आता पूर. 2024 ची गोकुळाष्टमी, 26 ऑगस्ट, श्रावणी सोमवार. मामा कारेलीबागेत तळमजल्यावर राहतात. पाणी चढायला लागलं तेव्हा मामी देव आणि औषधं घेऊन वर शेजाऱ्यांकडे गेल्या, मामा हार्मोनियम घेऊन. रेकॉर्डी सर्वांत खालच्या कप्प्यात राहिल्या. नदी पस्तीस फुटांच्या वर गेली होती, रस्त्यांवर मगरी फिरत होत्या, त्यामुळे पुन्हा खाली जायचा प्रश्नच नव्हता. पाणी ओसरल्यावर मामींनी जमतील तेवढ्या रेकॉर्डी धुऊन गच्चीत उन्हात वाळत घातल्या. तीन-चारांचे द्रोण झाले. (मामींना कुणी काही बोललेलं नाही आणि बोलणारही नाही.) ही मामांनी स्वतःजवळ ठेवली, पंख्याखाली वाळवली, म्हणून सपाट राहिली.

मग एका दुकानात चौकशी केली. त्या माणसाने नमुना म्हणून आमची एक नाट्यसंगीताची एलपी थिनरने पुसून दाखवली. चकाकी गेली, पांढरट झाली, सुई टेकवली की नुसती सळसळ. तेव्हापासून कुणाच्या हातात द्यायची नाही असं ठरवलं.

मी आतापर्यंत नळाच्या पाण्याने, थोडा बेबी शाम्पू घालून, कापसाने पुसली. कापसाचे धागेच अडकले. आणि त्याआधी, चूक झाली, न धुता एकदा वाजवून बघितली होती. भाऊ म्हणतो फेविकॉलचा थर देऊन वाळला की सोलून काढ, व्हिडिओत बघितलंय. करू का? आणि मुख्य म्हणजे, धुता धुता कुठे थांबायचं हे कळणार कसं? मामांचं म्हणणं, "माझी टिकटिक घालवू नकोस." ते 76 वर्षांचे आहेत, गंमत करत नाहीयेत.

प्रतिसाद 1

ताई, आधी वाजवणं बंद करा. नदीच्या गाळात बारीक वाळू असते आणि ती तबकडीच्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी कडक. सुई तिला खाचेत रगडत नेते. एकदा वाजवलंत तेवढं पुरे.

बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणा. नळाच्या पाण्यातले क्षार खाचेतच वाळतात. लिटरभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एखादाच थेंब. मऊ केसांचा ब्रश, खाचेच्या दिशेने गोल गोल, आडवा नाही. लेबलवर दोन्हीकडून प्लास्टिकची झाकणं दाबून धरा, नाहीतर ती प्रसिद्ध सूचनाच वाहून जायची. मग नुसत्या डिस्टिल्डने दोनदा खळबळून भांड्यांच्या रॅकमध्ये उभी वाळवा. कापूस नको, गरम पाणी नको, ड्रायर नको.

फेविकॉलसारख्या गोंदाने लोक करतात हे खरं. पण थर कुठे पातळ राहिला तर तो सोलून निघत नाही आणि मग खाचेतून काढायचा कसा? पहिला प्रयोग द्रोण झालेल्या तबकडीवर करा.

प्रतिसाद 2

वरच्या दादांशी सहमत. टिकटिकीचं सांगतो. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा 1.8 सेकंदांचा. टर्नटेबल कॉम्प्युटरला जोडा, ऑडॅसिटी या आवाज रेकॉर्ड करायच्या प्रोग्राममध्ये उतरवून घ्या आणि दोन टिकांमधलं अंतर मोजा. बरोबर 1.8, पुन्हा 1.8, असं चाललं असेल तर तो तबकडीवरचा ओरखडा. टेपवर उतरलेल्या टिकटिकीला तबकडीच्या फेऱ्याशी काही देणंघेणं नाही, ती कुठेही येते. प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा उतरवा. जी कमी होत जाते ती विश्वामित्री.

एक अडचण राहते. वाळूने खाच कुरतडली असेल तर तो आवाजही धुऊन जाणार नाही आणि 1.8 च्या हिशोबातही बसणार नाही. तिथे दुसऱ्या प्रतीशी ताडून बघणं हाच उपाय. इंटरनेटवरच्या आवृत्तीशी ताडू नका. 1995 साली सीडी काढताना त्या टिका संगणकाने पुसल्या, गाणीही सहाची चौदा केली. मामांना हवा असलेला आवाज तिथे नाही. जुनी एलपीच लागेल. माझ्या इंदूरच्या मावसभावाकडे आहे, विचारतो.

प्रतिसाद 3

थिनरवाल्याचं वाचून पोटात कालवलं. नाट्यसंगीताची कुठली होती हे सांगू नका, झोप येणार नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आधी एका द्रोणावर हात बसवला, मग ही तीनदा धुतली. पहिल्या पाण्याला चहाचा रंग आला. दुसऱ्या बाजूची, म्हणजे ज्या बाजूला 'माय जनरेशन' चौदा-पंधरा मिनिटं चालतं तिथली, सळसळ जवळजवळ गेली. पहिल्या बाजूला एका गाण्यात टिक-टिक येते, मोजली, 1.8. मी म्हटलं, मामा, हा ओरखडा, पुराचा. ते म्हणाले, "पुराचा नाही गं, 1981 चा. तुझ्या आईने सुई आपटली होती." आईला फोन केला. ती म्हणाली, मामाच होता.

इंदूरच्या प्रतीचं रेकॉर्डिंग मिळालं तर फार बरं होईल, फक्त पहिली बाजू पुरे, आणि कृपया टिका न काढता पाठवा.

आता आणखी एक. कव्हरमध्ये बारा सुटे कागद असतात : वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या कराराची नक्कल, लंडनच्या मार्की क्लबचं पोस्टर वगैरे. आमचे ओल्या पापडांसारखे एकमेकांना चिकटून वाळलेत. कडेने मार्कीच्या पोस्टरचा एक कोपरा तेवढा दिसतो. वाफेवर धरावे की पुन्हा भिजवावे? कागदाचं काम केलेलं कुणी आहे का इथे?