प्रतिसाद: तक्रार करून काही होत नाही?

सायकलस्वाराला खेटून जाणाऱ्या गाड्यांची पोलिसांकडे ‘तक्रार करून काही होत नाही’ हे मत अर्धंच पटलं. ब्रिटनमध्ये वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी 2016 साली साध्या वेशातले पोलीस सायकलवर बसवले आणि खेटून जाणाऱ्या गाड्या पुढे अडवल्या. म्हणजे मनावर घेतलं तर होतं.

तिथे वाहनमालकाला कारवाईची नोटीस साधारण 14 दिवसांत जावी लागते. त्यामुळे सायकलवरच्या कॅमेऱ्यात टिपलेली, पण महिनाभर विचार करून पोलिसांना पाठवलेली चित्रफीत बहुतेक वेळा वायाच जाते. आपापल्या ठिकाणची मुदत आधी बघून ठेवा.

माझा अनुभव कॅमेऱ्याबाबतचा. एक ट्रक इतका जवळून गेला की हँडल हललं. घरी येऊन पाहतो तर ट्रक चांगला हातभर लांब दिसतोय! रुंद कोनाच्या भिंगाची ही करामत. तेव्हापासून हँडलचं टोक चौकटीत दिसेल असाच कॅमेरा लावतो, म्हणजे अंतराला काहीतरी माप मिळतं. दुसरं, गाडीचा नंबर मोठ्यानं बोलायचा. चित्र धूसर आलं तरी आवाज असतो. (लोक वळून बघतात, बघू देत.) फीत कापायची नाही, आधीची-नंतरची दोन-दोन मिनिटं तशीच ठेवायची. कॅमेऱ्यातलं घड्याळही तपासा, माझं कित्येक महिने तासभर मागे होतं.

आणि हो, त्या आवाजात आपल्या शिव्याही येतात. मी एक तक्रार त्यापायीच पाठवली नाही.