हालश्टाटच्या रंगवलेल्या कवट्यांविषयी मदत हवी आहे

ऑस्ट्रियातील हालश्टाट या तळ्याकाठच्या गावावर मी मराठीत लेख लिहीत आहे. तेथील मिठाच्या खाणी, १८४६ पासून तिथल्या खाणीचे व्यवस्थापक रामसाउअर यांनी उत्खनन केलेली लोहयुगीन थडगी आणि १९९७ मधील जागतिक वारसा दर्जा यांविषयी पुरेशी माहिती मिळाली. डोंगर आणि पाणी यांमधल्या चिंचोळ्या पट्टीत दफनासाठी जागा अपुरी पडल्याने जुनी थडगी उघडून कवट्या स्वच्छ करत आणि त्यांवर मृताचे नाव व पानाफुलांच्या माळा रंगवून त्या अस्थिगृहात ठेवत. गावाचा स्वभाव मला या प्रथेतच सर्वाधिक जाणवतो. मात्र इंग्रजी प्रवासलेखांत तिचा उल्लेख वरवरचाच आढळला आणि जर्मन मला वाचता येत नाही. कपाळावरची पाने-फुले घराण्यानुसार ठरत, की रंगवणाऱ्याच्या मर्जीने, याची साधार चर्चा करणारे इंग्रजी किंवा मराठी लेखन कोणी सुचवू शकेल का?