डॅशकॅम गाडीच्या यूएसबी पोर्टवर लावला तर सारखा बंद-चालू होतोय, मदत हवी आहे

अजिंक्यतारा:

राम राम मंडळी,

कामासाठी सातारा-पुणे जाणं-येणं चालू असतं. हायवेला उलट्या बाजूने येणारे दुचाकीवाले आणि इंडिकेटर न देता लेन बदलणारे ट्रक बघून शेवटी डॅशकॅम (गाडीच्या काचेला लावून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा) घेतला. आता तोच डोकं खातोय.

गाडी २०२१ ची पेट्रोल हॅचबॅक. पुढे यूएसबी पोर्ट एकच, म्युझिक सिस्टिमच्या खाली. शेजारी १२ व्होल्टचं लायटर सॉकेट. कॅमेरे दोन, पुढचा आणि मागचा. जीपीएस, वायफाय सगळं आहे, टाइप-सी पिन आहे, खोक्यावर '५ व्होल्ट २ अँपिअर' छापलंय. सोबत लायटर सॉकेटात बसणारा अडॅप्टर आला होता, वायर त्यालाच कायमची जोडलेली. पण त्या सॉकेटात माझा फोनचा चार्जर असतो. म्हणून बाजारातून साडेतीन मीटरची साधी यूएसबी केबल आणली, छताच्या कडेने फिरवली आणि गाडीच्या पोर्टात लावली.

होतं असं, की गाडी चालू केल्यावर कधी कधी रेकॉर्डिंगऐवजी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर 'मास स्टोरेज' येतं आणि तो तसाच बसून राहतो. त्याच वेळी म्युझिक सिस्टिम 'रीडिंग यूएसबी' म्हणते, माझ्या रेकॉर्डिंगमध्ये गाणी शोधते आणि सापडत नाहीत म्हणून रुसते. हे झालं नाही तरी दुसरं आहेच. मागचा कॅमेरा काढून ठेवला तर पुढचा बिनबोभाट चालतो. दोन्ही जोडले की थोड्या वेळाने बंद, परत चालू, परत बंद. स्क्रीन बंद ठेवली तर जरा जास्त टिकतो. वायफाय लावून मोबाइलवर क्लिप बघायला गेलं की हमखास मान टाकतो. आणि गाडी बंद केल्यावर शेवटची क्लिप उघडतच नाही.

कॅमेरा जिथून घेतला तो म्हणतो मेमरी कार्ड बदला. ॲक्सेसरीवाला म्हणतो, "मॅडम, वायर सोलून डायरेक्ट मारून देतो." गाडीची वाढीव वॉरंटी शिल्लक आहे, त्यामुळे वायर सोलायची माझी तयारी नाही.

तर प्रश्न असे: गाडीच्या पोर्टवर हा कॅमेरा चालूच शकत नाही का? असाच लावून ठेवला तर म्युझिक सिस्टिमला काही होईल का? आणि गाडी उभी असताना रेकॉर्डिंग हवं असेल तर वायर न कापता काय करता येईल?

गाडीवान:

माझा गेली कित्येक वर्षं गाडीच्या यूएसबीवरच चालतोय, काहीही त्रास नाही. कार्डच असणार. डॅशकॅमसाठीचं हाय एंड्युरन्स (सतत रेकॉर्डिंग सोसणारं) कार्ड घ्या, मोबाइलमधलं जुनं कार्ड यात घालू नका. कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट मारा.

तांब्याची_तार:

गाडीवान, तुमचा कॅमेरा एकटा आणि बिनजीपीएसचा असेल. तसा असेल तर तो अर्ध्या अँपिअरच्या आसपास भागवतो आणि कुठल्याही पोर्टवर चालतो. कार्डाचा सल्ला चांगला आहे, पण मागचा कॅमेरा काढला की कार्ड आपोआप बरं होत नाही. इथे वीज कमी पडतेय.

ताई, तुम्ही दिलेली लक्षणं इतकी नीट आहेत की निदान जवळजवळ झालंच आहे. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत, ती एकत्र करू नका.

पहिलं दुखणं विजेचं. म्युझिक सिस्टिमला जोडलेला पोर्ट मुळात पेनड्राइव्ह आणि फोनशी बोलण्यासाठी असतो. यूएसबी २.० च्या नियमाने असा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. पुष्कळ गाड्यांत एक अँपिअरपर्यंत देतात, काहींत दीड. मागच्या सीटला असतात ते नुसते चार्जिंगचे पोर्ट जास्त ताकदीचे असतात, पण तुमच्याकडे ते नाहीत. तुमचा कॅमेरा मागतोय दहा वॅटपर्यंत. रोज तेवढे खात नाही, पण दोन्ही लेन्स, स्क्रीन आणि वायफाय एकदम चालू झालं की झेप घेतो. म्हणून तर स्क्रीन बंद केली की जास्त टिकतो.

त्यात तुमची केबल. साडेतीन मीटरच्या स्वस्त केबलमध्ये आतली तार बहुधा २८ गेजची असते (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). तिचा रोध मीटरमागे साधारण ०.२१ ओहम. वीज जाते आणि परतही येते, म्हणजे सात मीटर धरा. झाले दीड ओहम. एक अँपिअर वाहिला की दीड व्होल्ट तारेतच गडप. पोर्टातून ५ निघाले, कॅमेऱ्याला पोचले साडेतीन. टाकी भरलेली असून उपयोग नाही, नळीच बारीक आहे. वर गंमत अशी, की कॅमेऱ्याला लागणारे वॅट तेवढेच राहतात. व्होल्टेज पडलं की तो जास्त अँपिअर ओढतो, त्याने तारेत आणखी व्होल्टेज पडतं, आणि एका क्षणी कॅमेरा बंद होतो. बंद झाल्यावर भार गेला, व्होल्टेज परत ५, कॅमेरा परत चालू. तुमचं 'बंद-चालू' ते हेच.

दुसरं दुखणं डेटाचं. यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: लाल-काळी विजेच्या, हिरवी-पांढरी डेटाच्या. डेटाच्या तारा जोडलेल्या असल्या की कॅमेऱ्याला वाटतं आपल्याला कॉम्प्युटरला लावलंय, आणि म्युझिक सिस्टिमला वाटतं पेनड्राइव्ह आलाय. दोघंही आपापल्या परीने बरोबर.

टाइप-सीचा यूएसबी मीटर मिळतो, चारपाचशे रुपयांत येतो. केबल आणि कॅमेरा यांच्यामध्ये लावा आणि आकडे टाका इथे. पोर्टाच्या टोकाला मोजून उपयोग नाही, कॅमेऱ्याच्या टोकाला मोजा.

पेठेतला_पंप:

डेटा ब्लॉकर लावा की. शंभर-दोनशे रुपयांचं बोंडूक मिळतं, डेटाच्या पिना तोडलेलं. प्रश्न मिटला.

तांब्याची_तार:

अर्धा मिटला. 'मास स्टोरेज' येणं थांबेल. पण बऱ्याच ब्लॉकरमध्ये कॅमेऱ्याच्या बाजूच्या दोन्ही डेटा पिना एकमेकींना जोडलेल्या असतात. त्याचा अर्थ कॅमेरा लावतो 'मी चार्जरवर आहे, हवं तेवढं ओढू शकतो'. पोर्ट बिचारा अर्ध्या अँपिअरचाच. मग पोर्टातलं संरक्षण उडतं आणि म्युझिक सिस्टिम परत चालू करेपर्यंत तो पोर्ट मेल्यासारखा होतो. ताईंचा दुसरा प्रश्न होता ना, त्याचं उत्तर यातच आहे. हे संरक्षण असतं म्हणून सहसा जळत-बिळत काही नाही, पण जो पोर्ट रोज ताणावर चालतोय त्याच्यावर भरवसा कशाला ठेवायचा? म्युझिक सिस्टिमचा बोर्ड महाग असतो.

अजिंक्यतारा:

मीटर आणला. काही न जोडता ५.०८ दाखवतो. फक्त पुढचा कॅमेरा चालू असताना कॅमेऱ्याच्या टोकाला ४.४, करंट ०.४ च्या आसपास. मागचा जोडला की करंट ०.७ वर जातो, व्होल्टेज ४ च्या खाली घसरतं, आकडा वाचेपर्यंत सगळं काळं.

आणि तांब्याची_तार, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. आमच्या कॉलेजच्या सरांनी असं शिकवलं असतं तर इलेक्ट्रिकलला एटीकेटी लागली नसती.

तांब्याची_तार:

हिशोब जुळला. ४.७ च्या वर राहिलं तर डोकेदुखी नाही. तुमची केबल बाद.

वऱ्हाडी_ऊन:

शेवटची क्लिप उघडत नाही म्हणता, त्याबद्दल. आजकालच्या चांगल्या कॅमेऱ्यांत बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असतो. त्याचं काम एवढंच, की गाडी बंद झाल्यावर काही सेकंद वीज देऊन चालू असलेली फाइल नीट बंद करायची. वरून येणारं व्होल्टेजच कमी असेल तर तो पूर्ण भरत नाही आणि फाइल अर्धवट राहते. वीज सुधारली की तेही सुधारेल, थांबून बघा.

लिथियम बॅटरीवाला कॅमेरा मात्र आमच्याकडे घेऊ नये. अकोल्यात मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर पारा, काच बंद करून उन्हात लावलेल्या गाडीत काय होत असेल बघा. माझ्या आधीच्या कॅमेऱ्याची बॅटरी अशी फुगली की मागचं झाकण उचकटून बाहेर आली.

सर्किटवाला_दादा:

मी हेच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर.

ताई, सगळ्यात सोपा मार्ग तुमच्या खोक्यातच आहे. तो लायटर सॉकेटचा अडॅप्टर परत काढा. कंपनी देते तो त्या कॅमेऱ्याच्या मापाचा असतो आणि त्याच्या केबलची तार बाजारातल्यापेक्षा जाड असते. फोनला दुसरी जागा द्या. फोन गाडीच्या यूएसबीला लावलात तर मॅप पण मोठ्या स्क्रीनवर येईल. दोन्ही सॉकेटवरच हवं असेल तर दोन पोर्टचा चांगला चार्जर घ्या, प्रत्येक पोर्ट स्वतंत्रपणे २.४ अँपिअर देणारा. खोक्यावर 'एकूण ३.१' लिहिलेला घेऊ नका, फोन फास्ट चार्जिंगला गेला की कॅमेरा उपाशी. केबल घेताना २२ गेजची मागा. दुकानदाराला गेज माहीत नसेल तर दुकान बदला.

आता गाडी उभी असतानाचं रेकॉर्डिंग. यूएसबी पोर्ट आणि बहुतेक लायटर सॉकेट चावी बंद केल्यावर बंद होतात, त्यामुळे त्यासाठी हार्डवायर किटच लागतं. त्याला तीन तारा: पिवळी कायम चालू असलेल्या फ्यूजला, लाल चावीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजला, काळी बॉडीच्या बोल्टला. किट १२ व्होल्टचे ५ करतं आणि बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली आली की स्वतःच बंद होतं. वायर कुठेही सोलायची नाही. फ्यूज टॅप म्हणून मिळतो, मूळ फ्यूज काढून तिथे टॅप बसवायचा, त्यात मूळ फ्यूज आणि किटचा ३ अँपिअरचा असे दोन फ्यूज येतात. उद्या काढलात तर खूण राहत नाही. तरी वॉरंटीचं सर्व्हिस सेंटरला विचारून ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळं उत्तर मिळतं हा भाग निराळा. टॅप घ्यायच्या आधी गाडीतला एक फ्यूज उपसून मापाला न्या, मिनी आणि लो-प्रोफाइल मिनी दिसायला भावंडं पण एकमेकांच्या जागी बसत नाहीत. लाल तारेसाठी लायटर सॉकेटचा फ्यूज उत्तम. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावायचा नाही. कोणी मेकॅनिक 'काही होत नाही' म्हणाला तरी नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबात कर्टन एअरबॅग असेल तर वायर तिच्यावरून न्यायची नाही, मागून न्यायची. खांबाचं कव्हर काढून, गाडीच्या मूळ वायरिंगच्या सोबत टाय मारून. वरून कोंबलेली वायर एअरबॅग उघडताना मध्ये येते. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या गाड्यांत हे सर्रास दिसतं.

पेठेतला_पंप:

किट लावलं तर बॅटरी बसणार नाही का? माझ्या शेजाऱ्याला सकाळी ढकलगाडी झाली होती.

सर्किटवाला_दादा:

हिशोब करा. दोन कॅमेरे उभ्या गाडीत चार वॅट खात असतील तर बॅटरीतून साधारण ०.३५ अँपिअर जातो. रात्रीचे दहा तास धरले तर साडेतीन अँपिअर-तास. पेट्रोल हॅचबॅकची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची. नवी असेल आणि गाडी रोज फिरत असेल तर चालतं. तीन-चार वर्षं झालेली बॅटरी असेल किंवा गाडी शनिवार ते शनिवार फिरत असेल तर नाही. किटचा कट-ऑफ, म्हणजे ते स्वतःच बंद होतं ते व्होल्टेज, १२.२ वर ठेवा. ११.६ वर ठेवणाऱ्यांच्याच गाड्या सकाळी ढकलाव्या लागतात.

कोर्टाची_पायरी:

अवांतर, पण राहवत नाही. कॅमेऱ्याची तारीख-वेळ बरोबर आहे ना ते बघा, जीपीएस असला तरी टाइम झोन +५:३० आपल्याला भरावा लागतो. अपघात झालाच तर कार्ड काढून बाजूला ठेवा आणि त्यावर पुढचं रेकॉर्डिंग होऊ देऊ नका. व्हॉट्सॲपवर फिरवलेली क्लिप दाबून लहान झालेली असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) येते. मूळ फाइल हातात असेल तर हे सोपं जातं.

अजिंक्यतारा:

अपडेट देते. खोक्यातला अडॅप्टर सॉकेटात, फोन गाडीच्या यूएसबीला. दोन्ही कॅमेरे, स्क्रीन, वायफाय सगळं एकदम चालू करून बघितलं, खंबाटकी चढून उतरून आले, एकदाही बंद पडला नाही. शेवटच्या क्लिपसुद्धा उघडतात. म्युझिक सिस्टिमने गाणी शोधणं सोडलं.

किट आता घेत नाही. माझी बॅटरी गाडीबरोबर आलेलीच आहे, आणि दादांचा हिशोब वाचल्यावर धीर होत नाही. बॅटरी बदलेन तेव्हा बघू.

एकच शंका. स्टार्टर मारताना कॅमेरा क्षणभर बंद होऊन परत चालू होतो. हेही केबलचंच का?

सर्किटवाला_दादा:

नाही. स्टार्टर फिरताना गाडी स्वतःच सॉकेटची वीज तोडते, बॅटरीचा सगळा जोर स्टार्टरला मिळावा म्हणून. सगळ्यांचंच होतं. इंजिन चालू झाल्यावर कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला की गिअर टाका.