मदत हवी आहे: फ्लाइट सिम्युलेटरसाठी सहा हजारांत जॉयस्टिक, घरात एक उजवा आणि एक डावखुरा

धागाकर्ता, सोलापूर

नमस्कार मंडळी. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० आणि एक्स-प्लेन १२, दोन्हींसाठी मिळून एकच जॉयस्टिक घ्यायची आहे. कीबोर्डवर विमान उडतं, पण उतरवताना हाल होतात. कळ दाबली की एलेरॉन (पंखावरचं, विमान कलवणारं पातं) टोकाला जातो, सोडली की मध्ये येतो, अधलंमधलं काही नाहीच.

बजेट ६,००० रुपये, ताणून ७,०००. उडवायचं सेस्ना १७२, पुढे एअरबस ए३२०. लढाऊ विमानांचा विचार नाही. पायाने रडर (शेपटीवरचं, नाक डावी-उजवीकडे वळवणारं पातं) चालवायची वेगळी पेडल्स ठेवायला जागा नाही. टेबल सनमायकाचं, दोन फूट खोल. आणि मुख्य अडचण ही की वापरणारे दोघं आहोत: मी उजव्या हाताचा, भाचा डावखुरा.

विचारायचं असं की मूठ वळवून रडर चालवायची सोय, म्हणजे ट्विस्ट, खरंच लागते का? हॉल सेन्सरसाठी जादा पैसे द्यावेत का? आणि सोलापुरात हातात धरून बघायला काही मिळेल, की पुणं गाठावं लागेल?

प्रतिसाद १

दादा, पेडल्स नाहीत म्हटल्यावर ट्विस्ट हवाच. सेस्नाला पूर्ण थ्रॉटल (इंजिनाची ताकद) दिला की नाक डावीकडे ओढतं, आणि उजवा रडर दिल्याशिवाय चाक मधल्या पांढऱ्या रेषेवर राहत नाही. बाजूच्या वाऱ्यात उतरताना तर चाकं टेकायच्या आधी नाक धावपट्टीच्या रेषेत आणायचं काम रडरचंच. ऑटो-रडर (रडर सिम्युलेटरनेच सांभाळणं) चालू ठेवून उडवता येतं, पण मग विमान शिकण्यातली अर्धी गंमत गेली. म्हणून थ्रस्टमास्टरची चार बटणांची साधी यूएसबी जॉयस्टिक कितीही स्वस्त दिसली तरी ती सोडा, तिला ट्विस्ट नाही.

बटणं मोजत बसू नका. सेस्नाला ट्रिम (स्टिक न दाबता नाक ठरल्या जागी ठेवणारी सोय) वर-खाली, फ्लॅप (उतरताना पंखामागून खाली येणारी पाती) वर-खाली, ब्रेक आणि नजर फिरवायला हॅट (मुठीवरचं अंगठ्याने फिरवायचं बटण) एवढं हाताशी असलं की पुरतं.

आता हालचाल मोजणारा सेन्सर. साध्या प्रकारात, म्हणजे पोटेन्शिओमीटरमध्ये, कार्बनची एक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूचा पत्रा घासत जातो. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर यायची ना, तीच यंत्रणा, तोच रोग. धूळ बसली किंवा पट्टी झिजली की आकडा थरथरतो, आणि विमान हात न लावता एका बाजूला कलू लागतं. हॉल सेन्सरमध्ये चुंबक फिरतं आणि सेन्सर लांबूनच त्याचं क्षेत्र वाचतो. घासणं नाही, म्हणून झिजणं नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ बघता त्याला पैसे देणं रास्त आहे.

पण एक गोष्ट खोक्यावर ठळक लिहिलेली नसते. थ्रस्टमास्टर टी.१६०००एम या स्टिकला हॉल सेन्सर आहेत ते फक्त पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे जाणाऱ्या अक्षांना. ट्विस्टला तिथेही पोटेन्शिओमीटरच. लॉजिटेक एक्स्ट्रीम थ्रीडी प्रोच्या ट्विस्टलाही तोच. आकड्यांत सांगायचं तर एक्स-वाय अक्षांवर लॉजिटेक ० ते १,०२३ मोजते, टी.१६०००एम ० ते १६,३८३. ट्विस्ट आणि थ्रॉटलवर मात्र दोघी ० ते २५५. सेस्ना उडवायला १,०२४ पायऱ्याही पुरतात, तेव्हा सोळा हजारांच्या आकड्याला भुलून जाऊ नका. ज्या ट्विस्टसाठी आपण स्टिक घेतोय, तोच भाग दोन्हींत सगळ्यात आधी कुरकुरतो. नवी घ्या नाहीतर जुनी, आधी तो तपासा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण तुमचा निर्णय सेन्सरच्या आधी हातावर ठरतो. एक्स्ट्रीम थ्रीडी प्रोची मूठ उजव्या हाताच्या घडणीची आहे. डावखुऱ्याचा अंगठा तिथे भलत्याच जागी पडतो आणि वरची बटणं गाठायला मनगट मुरडावं लागतं. अर्ध्या तासात दुखायला लागेल. टी.१६०००एमच्या मुठीचे तीन भाग काढून उलट्या बाजूचे बसवता येतात, आणि बुडाखाली डाव्या-उजव्या हाताचा स्विच आहे. तो बदलल्यावर खेळात बटणांची नेमणूक एकदा तपासून घ्या.

ए३२० मध्ये कॅप्टन डाव्या खुर्चीत बसतो, साइडस्टिक त्याच्या डाव्या हाताला आणि थ्रॉटल उजव्या हाताला. म्हणजे भाच्याला एअरबस अगदी खऱ्यासारखी उडवता येईल. थ्रस्टमास्टरचीच टीसीए साइडस्टिक एअरबस एडिशनही डाव्या-उजव्या दोन्ही हातांना चालते. तिचा भाव कधी तुमच्या बजेटात आला तर तीही घ्यायला हरकत नाही.

टी.फ्लाइट होटास एक्स या स्टिक-थ्रॉटलच्या जोडीची शिफारस कोणीतरी करेलच. थ्रॉटल सुटा मिळतो हे खरं, पण त्याच्या वाटेत मधोमध एक खाच आहे. सेस्ना शेवटच्या टप्प्यात असताना थ्रॉटल इंचाइंचाने हलवायचा असतो, आणि नेमका तिथे तो खाचेत अडकतो. मूठही उजव्या हाताचीच. तुमच्यासाठी नाही. कन्सोलसाठीच्या होटास वन आणि होटास फोर पीसीवर चालतात, फक्त त्यांचा स्विच पीसीकडे असावा लागतो.

प्रतिसाद ३

नवी पेठेतल्या संगणकाच्या दुकानांत गेमपॅड आणि स्टिअरिंग व्हील दिसतात, फ्लाइट स्टिक क्वचित. दुकानदार मागवून देतो म्हणाला तर आगाऊ पैसे देण्याआधी नेमकं मॉडेल लिहून घ्या. 'थ्रस्टमास्टरची जॉयस्टिक' एवढंच सांगितलं तर बिनट्विस्टची येऊन पडेल. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल बघा. ते नसेल तर वॉरंटीसाठी कोणाच्या दारात जाणार? पुण्याला जायचंच झालं तर हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं, पण आधी फोन करून माल समोर ठेवलाय का एवढं विचारून घ्या.

टेबलाचं सांगतो. सनमायकावर स्टिक सरकते. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये घालतात ती रबरी जाळीची मॅट घ्या, बुडापेक्षा दोन बोटं मोठी कापा आणि खाली घाला. घडी केलेली चादर घालू नका. आपली सोलापुरी चादर कितीही जाड असली तरी मऊच, तिच्यावर बूड डुलतं आणि हाताचा अंदाज चुकतो. टेबल उंच असेल तर खांदा वर उचलला जातो. मग १२ मिमी प्लायवूडची १० बाय १४ इंचांची फळी मांडीवर घ्या आणि स्टिक तिच्यावर पट्ट्याने बांधा. कोपर काटकोनात आलं पाहिजे.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. टी.१६०००एम पक्की. विजापूर रोडला एकाकडे जुनी मिळतेय, बजेटच्या आत. खोकं आहे, बिल नाही. उद्या बघायला जातोय. तिथे नेमकं काय तपासू?

प्रतिसाद १

बिल नाही म्हणजे वॉरंटी धरूच नका, आणि भाव त्या हिशेबाने करा. आपला लॅपटॉप सोबत न्या, हब मध्ये न घालता थेट लावा. यूएसबी जोडताना स्टिकला हात लावू नका. जोडताक्षणी ती जिथे असेल तेच मध्य धरलं जाण्याचा धोका असतो.

विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. चौकटीत इंग्रजीत जे-ओ-वाय, मग टिंब, मग सी-पी-एल असं सलग टाइप करून एंटर करा. यादीत स्टिक दिसेल, तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. टेस्टच्या पानावर सोळाही बटणं एकेक करून दाबा. ट्रिगर तीस-चाळीस वेळा दाबा. एका दाबात दिवा दोनदा लुकलुकला तर आतला स्विच गेलाय. हॅट आठही दिशांना फिरवा.

मग सेटिंग्जच्या पानावर आधी रीसेट टू डिफॉल्ट, आणि त्यानंतरच कॅलिब्रेट (स्टिकचा मध्य आणि टोकं नव्याने नोंदवणं). आधीच्या मालकाने चुकीचं कॅलिब्रेशन केलं असेल तर चांगली स्टिकही वाईट दिसते. प्रत्येक अक्षाच्या पानावर डिस्प्ले रॉ डेटा असा चौकोन आहे, तिथे खूण करा म्हणजे कच्चे आकडे दिसतील. एक्स-वाय मोकळे सोडल्यावर ८,१९२ च्या आसपास हवेत. झेड रोटेशन म्हणजे ट्विस्ट, त्याचा मध्य १२८. मूठ पूर्ण डावीकडे वळवा, हलकेच सोडा, आकडा लिहा. तसंच उजवीकडून. पाच-पाच वेळा करा. १२८ पासून सहा-सातच्या आत परत येत असेल तर डेडझोनने, म्हणजे मध्याजवळची बारीक हालचाल सोडून द्यायच्या सेटिंगने, भागतं. त्याच्या पलीकडे भाव पाडून मागा.

नंतर मूठ अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. आकडा एकेकाने चढला पाहिजे. ९० वरून एकदम १४० आणि परत १०० अशी उडी आली तर पट्टी झिजली आहे, घेऊ नका. नुसती दोन-तीनची थरथर असेल तर ती बहुधा धूळ असते. प्लास्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर पोटेन्शिओमीटरच्या फटीत थोडा मारायचा, मूठ चाळीस-पन्नास वेळा फिरवायची, पूर्ण सुकू द्यायचं आणि मगच जोडायची. गंज सोडवायचा साधा स्प्रे तिथे मारू नका. आतलं ग्रीस धुऊन जातं आणि राहिलेल्या तेलावर धूळ चिकटते.

शेवटी केबल बुडाजवळ वाकवून बघा. वाकवताना यादीतून स्टिक गायब झाली तर आत तार तुटतेय.

धागाकर्ता

बघून आलो. बटणं आणि हॅट सगळं व्यवस्थित. एक्स-वाय सोडल्यावर ८,१८० ते ८,२१०. ट्विस्ट डावीकडून सोडला की १२४, उजवीकडून १३२, पाचही वेळा जवळपास तेच, मध्ये उडी नाही. थ्रॉटल अगदी खाली ओढला की ० ते ३ मध्ये हलतो, वर सरळ चढतो. केबल ठीक.

प्रतिसाद १

घ्या की. एक्स-वायमधला फरक पाव टक्क्याच्या आत आहे, तिथे डेडझोन शून्य ठेवा. ट्विस्टचा फरक १२८ मध्ये चार म्हणजे तीन टक्के, त्याला डेडझोन ५ टक्के द्या. शिवाय मूठ वळवताना हात नकळत बाजूलाही झुकतो आणि रडरसोबत विमान कलतं. तेवढ्यासाठीही तो डेडझोन उपयोगी पडतो, पण मुख्य म्हणजे मूठ सैल धरा. थ्रॉटलला एक्स्ट्रिमिटी (टोकाजवळचा) डेडझोन ३ टक्के, म्हणजे इंजिन आयडलवर (अगदी मंद) शांत राहील.

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये पिच (नाक वर-खाली) आणि रोल (डावी-उजवीकडे कलणं) यांची सेन्सिटिव्हिटी उणे ३० टक्क्यांवर न्या, मध्याजवळ हात हलका पडतो. गेमपॅडही जोडलेला असेल तर त्याच्यावरची रडर आणि थ्रॉटलची नेमणूक काढून टाका. एकाच अक्षाला दोन मालक झाले की रडर फडफडतो आणि दोष निष्कारण स्टिकवर येतो. एक्स-प्लेनमध्ये कंट्रोल सेन्सिटिव्हिटीच्या पानावर स्टॅबिलिटी ऑग्मेंटेशन (विमान आपोआप सावरून धरणारी मदत) तिन्ही अक्षांना शून्यावर आणा.

उडताना स्टिक मध्येच तुटून परत जोडली जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब, त्याचं पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवायला उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढा. लॅपटॉपवर हे हमखास होतं.

बुडावरची दोन बटणं ट्रिमला द्या, दोन्ही हातांना जवळ पडतील अशी. नाक हवं तिथे स्टिकने धरायचं, मग ट्रिम देत देत हातातला दाब सोडत जायचं. स्टिक मध्यावर आली आणि नाक तिथेच राहिलं की ट्रिम बसला.

प्रतिसाद २

मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये स्वतःचं आणि भाच्याचं प्रोफाइल वेगळ्या नावाने जतन करा, नाहीतर स्विच फिरवला की रोज बटणं लावत बसाल. सुरुवातीला नकाशावर विमानतळाचा कोड व्हीएएसएल टाका, आपल्या होटगी रोडची धावपट्टी १५-३३ येईल. वारा शून्य ठेवून सेस्नाने धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारा आणि उतरायच्या शेवटच्या टप्प्यात वेग ६५ नॉट्स धरा. तिथे मधली रेषा सुटत नाही असं झालं की मगच बाजूचा वारा पाच नॉट्सपासून वाढवा.