टेक्सासमध्ये भाऊ काउंटी जेलमध्ये आहे, रेकॉर्ड सापडत नाहीये आणि भेट कशी घ्यायची?

पैलतीर_एनजे:
नमस्कार मंडळी, हात थरथरतायत त्यामुळे टायपिंगच्या चुका समजून घ्या. माझा धाकटा भाऊ टेक्सासमध्ये मास्टर्स करतोय, एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर आहे. शनिवारी रात्री उशिरा पार्टीहून गाडी चालवत येताना पोलिसांनी थांबवलं आणि डीडब्ल्यूआय (दारू पिऊन गाडी चालवणं) म्हणून पकडलं असं त्याच्या रूममेटने मला रविवारी सकाळी फोन करून सांगितलं. मी न्यूजर्सीत आहे. तिथल्या शेरीफच्या (काउंटीच्या पोलिसप्रमुखाच्या) वेबसाइटवर कैद्यांची यादी आहे त्यात मी त्याचं नाव चार वेळा टाकून बघितलं, नो रेकॉर्ड फाउंड येतंय. जेलचा फोन तर कोणी उचलतच नाहीये. आईबाबांना अजून काही सांगितलेलं नाही. तो नक्की कुठे आहे ते कसं कळेल, आणि मी विमानाने गेले तर मला भेटू देतील का? आधी कोणाला असा अनुभव आला असेल तर प्लीज सांगा, मला काहीच सुचत नाहीये.

हिरवा_डोंगर:
ताई, आधी पाणी प्या. रेकॉर्ड दिसत नाही म्हणजे काहीतरी वाईट झालं असं अजिबात नाही. टेक्सासमध्ये शहराच्या पोलिसांनी पकडलं तर बऱ्याचदा आधी सिटी जेलमध्ये ठेवतात आणि मग काउंटीला (म्हणजे जिल्ह्याच्या जेलला) पाठवतात, तोपर्यंत शेरीफच्या यादीत नाव येतच नाही. काउंटीत पोचल्यावरही फोटो, बोटांचे ठसे, मेडिकलचे प्रश्न हे सगळं बुकिंग व्हायला कित्येक तास जातात, वीकेंडला तर जास्तच. त्यामुळे ज्या शहरात पकडलं तिथल्या पोलिसांच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर फोन करून विचारा की तो तुमच्याकडे आहे का काउंटीला पाठवला.

दुसरं म्हणजे नाव. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, आणि बुकिंग करणारा माणूस घाईत वडिलांचं नाव आडनाव म्हणून टाकतो नाहीतर तिन्ही उलटसुलट करतो. म्हणून आडनावाच्या जागी वडिलांचं नाव टाकून बघा, आडनावाची फक्त पहिली तीन अक्षरं टाकून बघा (बऱ्याच साइटवर चालतं), व्ही आणि डब्ल्यू बदलून बघा, एक ओ दोन ओ करून बघा. जन्मतारीख टाकायची सोय असेल तर नाव जुळलं की तारखेवरून खात्री करा, एकाच नावाची माणसं असतात. सापडला की बुकिंग नंबर लगेच कागदावर लिहून ठेवा, पुढे भेट, फोन, पैसे, बाँड (जामीन) सगळीकडे तोच मागतात.

तिथे नाहीच दिसला तर वाइनलिंक म्हणून एक फुकट साइट आहे, मुळात गुन्ह्याला बळी पडलेल्यांना आरोपी सुटला की कळावं म्हणून केलेली, तिच्यावर बऱ्याच राज्यांतल्या काउंटी जेलची नावं शोधता येतात आणि सुटका किंवा बदली झाली की मेसेज येईल असं रजिस्टर करता येतं. गूगलवर पैसे मागणाऱ्या इनमेट सर्चच्या साइट वरती येतात, त्यांना एक डॉलर देऊ नका.

पेरलीगल_माणूस:
मी एका डिफेन्स वकिलांच्या ऑफिसमध्ये काम करतो, वकील नाही, त्यामुळे हे सल्ला म्हणून नाही तर माहिती म्हणून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. जेलमधून येणारा फोन रेकॉर्ड होतो, व्हिडिओ भेटही रेकॉर्ड होते. वकिलाशी बोलणं तेवढं वेगळं असतं. "तू किती प्यायला होतास", "पोलिसांना काय बोललास" हे त्याला विचारूच नका. आणि मराठीत बोललो तर कोणाला काय कळणार असं धरून चालू नका, रेकॉर्डिंग तसंच राहतं आणि सरकारी वकील भाषांतर करून घेऊ शकतात. फोनवर फक्त तब्येत कशी आहे, औषधं लागतात का, वकील बघतोय, बस.

टेक्सासमध्ये अटकेनंतर साधारण 48 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं, तिथे त्याला आरोप आणि हक्क सांगतात आणि बाँड ठरतो. पहिला डीडब्ल्यूआय सहसा क्लास बी मिसडिमीनर (किरकोळ गुन्ह्यांचा एक वर्ग) धरतात, जास्तीत जास्त 180 दिवस जेल. बाँड कॅशमध्ये पूर्ण भरला तर तारखांना हजर राहिल्यावर केस संपली की पैसे परत मिळतात. बाँड्समनकडून (फी घेऊन जामीन राहणारा धंदेवाईक) घेतला तर त्याला दिलेली फी (बऱ्याचदा रकमेच्या 10 टक्के) परत मिळत नाही. वकील परवडत नसेल तर मॅजिस्ट्रेटसमोरच कोर्टाकडून वकील मागायचा, लाजायचं नाही, तो त्याचा हक्क आहे.

आता व्हिसाचं. तो नागरिक नाही म्हणून क्रिमिनल वकिलाबरोबर इमिग्रेशन वकिलालाही लगेच विचारा. 2010 मध्ये पाडिला विरुद्ध केंटकी या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की गिल्टी कबूल केल्याने देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका असेल तर क्रिमिनल वकिलाने ते आशिलाला सांगायलाच हवं. म्हणून "लवकर सुटू दे" म्हणून घाईघाईत प्ली (गुन्ह्याची कबुली) घेऊ नका. डीडब्ल्यूआयच्या अटकेवरूनच, शिक्षा न होताही, व्हिसाचा शिक्का रद्द केल्याच्या केसेस आहेत, तो देशाबाहेर जायच्या आधी हे विचारून घ्या. आणि जेलने इमिग्रेशन डिटेनर (सोडताना त्याला आमच्या ताब्यात द्या अशी इमिग्रेशन खात्याची विनंती) लागलाय असं सांगितलं तर बाँड भरण्याआधी वकिलाशी बोला, कारण बाँड भरला तरी आइसवाले (इमिग्रेशनचे पोलिस) त्याला तिथूनच ताब्यात घेऊ शकतात. तसं झालं तर मग काउंटीच्या यादीत नाही, आइसच्या डिटेनी लोकेटरवर (त्यांच्या ताब्यातली माणसं शोधायची वेबसाइट) शोधायचं, तिथे नऊ आकडी ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला नंबर) आणि जन्माचा देश लागतो किंवा नाव आणि देश.

भारतीय वकिलातीचंही सांगतो. व्हिएन्ना कराराच्या कलम 36 प्रमाणे त्याला वकिलातीला कळवायचं का हे विचारायला हवं, पण भारताच्या बाबतीत त्याने हो म्हटलं तरच कळवतात, आपोआप नाही. टेक्सास ह्यूस्टनच्या कॉन्सुलेटकडे येतं. ते बाँड भरत नाहीत, केस लढत नाहीत, पण वकिलांची यादी देतात, घरच्यांशी संपर्क करायला मदत करतात.

निळी_चिमणी:
मी बोलते कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या दिरांना भेटायला मी असंच एका काउंटीत गेले होते, काउंटीचं नाव नको. मी विमानाचं तिकीट काढलं, गाडी भाड्याने घेतली, दीड तास चालवत गेले आणि काउंटरवर कळलं की भेट आदल्या दिवशी ऑनलाइन बुक करायची असते आणि शिवाय माझं नाव त्यांनी आतून व्हिजिटर लिस्टमध्ये लिहून दिलेलं नव्हतं. त्या दिवशी मी पार्किंगमध्ये बसून खूप रडले. म्हणून तिकीट काढायच्या आधी त्या जेलच्या वेबसाइटवरचं व्हिजिटेशनचं पान नीट वाचा, भावाचा फोन आला की पहिलं वाक्य हेच सांगा की माझं नाव लिस्टमध्ये घाल, नाव लायसन्सवर आहे अगदी तसंच.

टेक्सासचा नियम आहे की कैद्याला आठवड्यातून निदान दोन भेटी, प्रत्येकी 20 मिनिटांच्या, मिळायला हव्यात. पण काही काउंटीत समोरासमोर म्हणजे काचेच्या पलीकडे बसून फोनवर बोलायचं असतं आणि काही ठिकाणी जेलच्या लॉबीत जाऊनसुद्धा स्क्रीनवरच बघायचं. तसं असेल तर विमानाने जायचं का घरूनच पैसे भरून व्हिडिओ भेट घ्यायची हे तुम्हीच ठरवा. मी काचेपलीकडून बघितलं ते मात्र मला वर्थ इट वाटलं, दिरांचा चेहराच सांगत होता.

जाताना मूळ लायसन्स किंवा पासपोर्ट, मोबाईलमधला फोटो चालत नाही. स्लीव्हलेस, गुडघ्याच्या वरचे कपडे नको, तारवाली ब्रा मेटल डिटेक्टरमध्ये वाजते तेव्हा साधी घाला. मंगळसूत्र, बांगड्या घरीच ठेवा, लग्नाची अंगठी फक्त ठेवू देतात आणि मंगळसूत्र म्हणजे काय हे त्या रांगेत समजावून सांगायला वेळ मिळत नाही. अर्धा तास आधी पोचा, उशीर झाला की तो स्लॉट गेला. पर्स, फोन गाडीत. आणि त्याच्यासाठी काही खायला नेऊ नका, घेत नाहीत, अकाउंटमध्ये पैसे टाकले की तो आतल्या कमिसरीतून (जेलच्या दुकानातून) घेतो. दमा, डायबिटीस असं काही असेल तर मात्र भेटीची वाट न बघता जेलच्या मेडिकल युनिटला फोन करून औषधाचं नाव आणि डोस सांगा, दिरांना इन्सुलिन वेळेवर मिळालं ते ह्यामुळेच.

हिरवा_डोंगर:
एक राहिलं. तुम्हाला "मी डेप्युटी बोलतोय, आत्ता गिफ्ट कार्डने पैसे भरा नाहीतर भाऊ सुटणार नाही" असा फोन आला तर लगेच ठेवा. अटकेची यादी सगळ्यांना दिसते आणि फसवणारे त्यावरूनच घरच्यांना गाठतात. बाँड गिफ्ट कार्डने कधीच भरत नाहीत.

पैलतीर_एनजे:
सापडला!!! सिटी जेलमध्ये होता, काल रात्री काउंटीत आणलाय, आणि नावात खरंच बाबांचं नाव आडनाव म्हणून टाकलंय. बुकिंग नंबर लिहून ठेवला. आज सकाळी त्याचा फोन आला, मी आधी लिस्टचं सांगितलं आणि केसचा एक शब्द बोलले नाही, तो सांगायला लागला तर मी म्हटलं गप्प, फक्त जेवलास का सांग. त्याला दमा आहे, इनहेलरचं मेडिकल युनिटला सांगून झालंय. डिटेनर आहे का ते वकील आज बघणारेत, तोपर्यंत बाँडला हात लावत नाही. बुधवारी दुपारी दोनची काचेपलीकडची भेट बुक झालीये, उद्या रात्रीच्या विमानाने निघतेय. निळी चिमणी, मंगळसूत्र काढून आत्ताच कपाटात ठेवलं.

निळी_चिमणी:
छान. जेलजवळच्या रस्त्यावर गाडी टो होते, जेलच्या पार्किंगमध्येच लावा. आणि आईबाबांना भेट झाल्यावर लगेच फोन करा, "मी त्याला बघितलं" हे तुमच्या तोंडून ऐकलं की त्यांना धीर येईल.