अनुभव धागा: पिकअपचं ॲव्हरेज आणि न मिळणारे पार्ट (सोलापूर आणि आसपास)

पिकअपवाला पिकअपवाल्याला भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती देती?" आणि समोरचा दोन किलोमीटर वाढवून सांगणार हेही ठरलेलं. म्हणून हा धागा काढतोय. नुसता आकडा टाकू नका. गाडी बीएस-४ की बीएस-६ (धुराच्या सरकारी नियमाची जुनी की नवी), हौद्यात माल किती, रस्ता कुठला, टाकी फुल्ल ते फुल्ल मोजलंय की डॅशबोर्डवर बघून सांगताय, तेही लिहा. कंपनीचं आणि गॅरेजचं नाव नको, उगाच भांडणं लागतात. पार्टसाठी गाडी उभी राहिली असेल तर ते आवर्जून लिहा, कारण माझ्या मते डिझेलपेक्षा मोठा खड्डा तिथं पडतो.

सुरुवात मीच करतो. माझं काम टॉवेल आणि चादरीच्या गठ्ठ्यांचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत उचलायचं आणि शहरातल्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला टाकायचं. गाडी बीएस-६. घेताना सतराचा आकडा ऐकवला होता, हातात अकरा-साडेअकरा येतात. टॉवेल जागा खातो, वजन नाही, त्यामुळे ओव्हरलोडचा दोष माझ्यावर येत नाही. दुखणं आहे ते डीपीएफचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि धूर अडवणारा हा फिल्टर आपल्या गाड्यांत बसला. त्यात साठलेली काजळी जाळायला साधारण ५५०-६०० अंश उष्णता लागते. ती मिळावी म्हणून गाडी स्वतःच जादा डिझेल मारते. हायवेला सलग पळवली तर हे काम गुपचूप उरकतं. माझी गाडी एमआयडीसी, सात रस्ता, पुन्हा एमआयडीसी. जाळायला सुरुवात झाली की माझं गोडाऊन येतं, इंजिन बंद. अर्धवट राहिलेलं काम पुढच्या फेरीला पुन्हा पहिल्यापासून. जादा डिझेल जातं ते जातंच, शिवाय त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढून बघितली आणि लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका.

या फिल्टरच्या मागचा-पुढचा दाब मोजणारा एक सेन्सर असतो, मुठीत मावेल एवढा. तो गेला. गाडी पिकअप घेईना, चढाला रांगायला लागली. सोलापुरात तो सेन्सर नव्हता, पुण्यात ऑर्डर टाकावी लागली. तेवढे दिवस दुसऱ्याचा टेम्पो भाड्याने घेऊन माल पोचवला. ते भाडं आणि सेन्सरची किंमत शेजारी मांडून बघितली तेव्हापासून मी ॲव्हरेजवर रडणं सोडलं.

कांदेवाला (मोहोळ):
आमची बीएस-४, जुनी, डीपीएफ वगैरे भानगड नाही. रिकामी पुणे हायवेला पंधरा देती. कांद्याची तीस पोती टाकली की बारा. पण सीझनला नऊ, आणि त्यात गाडीची काही चूक नाही. डिसेंबर-जानेवारीत सिद्धेश्वर मार्केट यार्डाला आवक वाढली की बाहेर गाड्यांची जी रांग लागती ती ज्यानं बघितली त्याला कळंल. रात्रभर चालू-बंद, चालू-बंद, एक गाडी पुढं. काट्यावर वजन होईपर्यंत जे डिझेल जळतं त्याचे किलोमीटर शून्य. मग ॲव्हरेज काढून काय उपयोग? मी आता लिटरला किती किलोमीटर ते बघतच नाही, पोत्यामागं डिझेल किती पडलं ते बघतो. भाव पडलेला असला की तेही बघवत नाही, ती गोष्ट वेगळी.

आणि तीस पोत्यांवर चाळीस टाकणाऱ्यांनी इथं ॲव्हरेजची तक्रार करू नये बे. पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) उलटे वाकलेत, टायर बसलेत, आणि म्हणतोय कंपनीनं फसवलं.

सांगोलेकर:
माझा विषय पार्टचा, जरा सविस्तर लिहितो. डाळिंबाची गाडी आहे, क्रेट भरून पंढरपूर, सोलापूर, कधी पुणे. मॉडेल बंद पडलेलं. इंजिन अजून कुरकुरत नाही, पण बाकी सगळं सुटं-सुटं निघायला लागलंय. जास्त खपणाऱ्या गाडीचं सामान कुठल्याही ऑटोमोबाइलच्या दुकानात मिळतं, ओरिजिनल, लोकल, तिसऱ्या दर्जाचं, जे पाहिजे ते. माझ्या गाडीचं नाव घेतलं की दुकानदार आधी हसतो. डाव्या बाजूचा हेडलॅम्प शोधायला मी सोलापूर, पंढरपूर, मिरज पालथं घातलं. शेवटी पुण्यात भंगारातल्या गाडीचा मिळाला. लेन्स पिवळी पडलेली, तरी घेतला.

यातून एक धडा मिळाला तो सांगतो. गाडीच्या नावानं पार्ट मागू नका, मापानं मागा. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तोच नंबर सांगितला तर दुकानदार गाडी कुठली हे विचारतसुद्धा नाही. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असते. फॅन बेल्टवर किती धारा आणि लांबी किती ते छापलेलं असतं. बल्ब, फ्यूज, रिले, हे तर बहुतेक सगळ्यांचे सारखेच. अशा मार्गानं निम्म्याहून जास्त अडचणी सुटतात. न सुटणारं ते बॉडीचं: दिवे, काच वर-खाली करायची यंत्रणा, दाराची लॉकं, डॅशबोर्डचं प्लास्टिक. आणि वायरिंगचे सॉकेट. त्यांना मापही नाही आणि पर्यायही नाही. गाडी बंद पडणार अशी बातमी लागली तेव्हाच हे सामान घेऊन घरात टाकायला पाहिजे होतं असं आता सगळे सांगतात. शोरूमवाला तेव्हा "दहा वर्षं काळजी नको" म्हणत होता.

गॅरेजवाला (विजापूर रोड):
माझ्याकडं रोज एक तरी येतो, "दादा, ॲव्हरेज वाढवून द्या." मी आधी हूड उघडत नाही. गाडी दोन-चार किलोमीटर चालवून आणतो आणि चारी रिमना हात लावून बघतो. एखादं चटका देण्याइतकं तापलंय आणि बाकीची कोमट असली तर ब्रेक धरतोय. गाडी ब्रेक दाबून पळवल्यासारखी चालली आहे, डिझेल जाणारच. मग हवा. लोडच्या टायरला हवा किती ते दाराच्या कडेला किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं, पण लोक "उन्हाळा आहे, फुटंल" म्हणून कमी मारतात. उलट आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि मे महिन्यात आपल्या रस्त्यावर तोच आधी फुटतो. त्यानंतर एअर फिल्टर. ऊसतोडीच्या आणि मुरमाच्या रस्त्यानं फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरवर बदलून चालत नाही. त्याच्या पुढं गेलं तर इंजेक्टर, टर्बोचे पाइप, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). तिथं पैसा लागतो, म्हणून आधी फुकटातलं बघा.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. डीपीएफ आतून फोडून, कॉम्प्युटरमध्ये गडबड करून देणारे लोक आहेत. ॲव्हरेज थोडं वाढल्यासारखं वाटतं. वॉरंटी जाते, गाडी धूर ओकते, बेकायदेशीर तर आहेच, आणि पुढं कुठला सेन्सर बिघडला तर नेमकं काय बदललंय हे दुसऱ्या मेकॅनिकला कळत नाही. मी ते काम करत नाही. वर धागा काढणाऱ्यांना एवढंच सांगतो, आठवड्यातून एकदा गाडी तुळजापूर रोडला किंवा मोहोळपर्यंत सलग पळवून आणा. ते डिझेल वाया गेलं असं समजू नका.

हौशी (जुळे सोलापूर):
माझी डबल कॅबिन, माल कमी आणि माणसं जास्त. इथं माझी तक्रार ऐकून कांदेवाले हसतील. मोठे टायर टाकले आणि ॲव्हरेज एकदम खाली आलं. निम्मा दोष खरा आहे, टायर जड आणि रुंद. निम्मा हिशोबाचा आहे: टायरचा घेर पाच टक्क्यांनी वाढला तर गाडी १०५ किलोमीटर चालते आणि मीटर १०० दाखवतो. मोबाइलच्या जीपीएसवर अंतर मोजलं तेव्हा उलगडा झाला. वर कॅरिअर होतं, तेही काढलं, हायवेवर फरक लगेच जाणवला. हौद्याला झाकण पाहिजे होतं, या मॉडेलचं तयार इकडं कुठंच मिळत नाही. शेवटी ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतलं. बुलबारचा (पुढच्या लोखंडी गार्डचा) विचार करणाऱ्यांनी सोडून द्या, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं बंदीचे आदेश काढलेत. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायलाही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

टाकळीकर:
पूर्वी आम्ही भीमेचा पूल ओलांडून झळकीकडं डिझेल भरायला जायचो, कर्नाटकात स्वस्त म्हणून. आता दोन्हीकडचे दर सारखे बदलत असतात, निघायच्या आधी बघून घ्या. नुसत्या डिझेलसाठी जाणार असाल तर जाण्या-येण्याचंही धरा. बरेच जण धरत नाहीत.

अक्कलकोटहून एक:
सीएनजी घेतलेल्या कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. किलोला किलोमीटर चांगले पडतात, तक्रार नाही. चढाला भरलेली गाडी मरते, आणि पंपावरच्या रांगेत कांदेवाल्यांच्या यार्डाची आठवण येते. गॅस संपलाय अशी पाटी लागली की भाडं सुटतं.

बार्शीवाला:
सांगोलेकरांचं वाचून विचारतोय, माझीही तीच बंद पडलेली गाडी दिसतेय. मागच्या फाळक्याचा बिजागर तुटलाय आणि लॉक बसत नाही. दोरी बांधून चालवतोय. कुठं मिळेल का?

सांगोलेकर:
बिजागर विकत शोधत बसू नका, ट्रकच्या बॉडी बांधणाऱ्याकडं गेलात तर तासाभरात तसाच करून देतो, आणि मूळच्यापेक्षा जाड. लॉकचं मात्र माप लागतं. जुन्याचा फोटो आणि दोन बोल्टच्या मधलं अंतर इथं टाका. माझ्याकडं एक जादा पडलंय, बसतंय का बघू.